उजेडाचं वजन

अमेरिकेतल्या भाच्यानं मध्यंतरी त्याच्या आरव्हीचे फोटो पाठवले. आरव्ही म्हणजे बसएवढ्या गाडीत थाटलेलं घर. ओटा, पलंग, मोरी सगळं आत. टपावर त्यानं स्वतःच्या हातानं सोलर पॅनल बसवलेत, पलंगाखाली लिथियम बॅटरी ठेवलीय आणि फोटोखाली लिहिलंय, "मामा, आता विजेचा खांब नसला तरी कुठंही मुक्काम करता येतो." मी फोटो आमच्या हिला दाखवले. तिनं चष्मा वर करून नीट बघितले आणि म्हणाली, "म्हणजे पालावरच्या लोकांसारखंच की!"

भाच्याला हे कळवलं नाही, पण तिचं बोलणं काही डोक्यातून जाईना. कारण ते खरंच आहे. खांब नसलेल्या जागी राहायचं आणि उजेड आपल्याबरोबर न्यायचा, ही आमच्या नांदेड-लातूरकडची फार जुनी गोष्ट. फक्त ती हौसेखातर कुणी केली नाही. मग बसून आठवत गेलो, आपल्याकडे माणसं उजेड कशी वाहून नेत होती आणि तो किती जड होता. तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे प्रत्येक गोष्टीचं वजन काढायची खोड लागली आहे. सांभाळून घ्या.

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. इथल्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, लालकंधारी बैल आणि चहूबाजूंनी आलेल्या भटक्या लोकांची पालं. १९६०च्या दशकात वडिलांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा ही यात्रा पाहिली. रात्री टेकाडावरून खाली बघितलं की उजेडावरून ओळखू यायचं, कोण कुठं उतरलंय. पालांच्या बाजूला चुली आणि चिमण्या, म्हणजे मिणमिणते तांबडे ठिपके. मिठाईवाल्यांच्या रांगेत गॅसबत्त्यांचा पांढरा उजेड. आणि तमाशाच्या फडाकडे, तंबूतल्या टॉकीजकडे जनरेटरची धडधड आणि बल्बांची माळ. फड स्वतःची वीज ट्रकमधून आणत. फडमालकाची ऐपत लोक जनरेटरच्या आवाजावरून ठरवत, असं वडील म्हणायचे.

गॅसबत्तीवर जरा थांबतो, कारण आजच्या पोरांना ती फक्त जुन्या मराठी सिनेमातल्या वरातीत दिसते. नाव गॅसबत्ती, पण आत रॉकेल. पंप मारून टाकीत हवा दाबायची, रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ जाळीच्या मॅन्टलमध्ये जळते. उजेड ज्योतीचा नसतोच, तापून पांढऱ्या झालेल्या त्या जाळीचा असतो. जर्मनीतल्या माक्स ग्रेट्झच्या कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा दिवा बाजारात आणला आणि मालकाच्या नावावरून तो पेट्रोमॅक्स झाला. वजन दोन-अडीच किलो. वरातीत डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गॅसबत्ती आणि दोन्ही बाजूंनी अशा माणसांची रांग. ज्यांच्या डोक्यावर तो दिवा असायचा, त्यांच्या घरी बहुतेक वेळा चिमणीच असायची. पुढं हातगाड्यावर जनरेटर आला, डोक्यावरच्या झुंबरांना वायर जोडली गेली. माणसं मात्र तीच राहिली.

आता मास्तरांचं गणित. किलोला किलो लावून बघितलं तर रॉकेलमध्ये आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीच्या कितीतरी पट ऊर्जा असते. म्हणजे इतकी हलकी शिदोरी दुसरी नाही. पण कंदील त्या ऊर्जेचा शंभरावा हिस्सासुद्धा उजेडात बदलत नाही, बाकी सगळी काच तापवण्यात आणि छत काळं करण्यात जाते. त्यामुळे चालत्या घराच्या उजेडाची गोष्ट सांगताना बॅटरीइतकंच श्रेय एलईडी दिव्याला द्यायला हवं. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचं काम आज नऊ वॅटचा दिवा करतो. उजेडाची भूकच कमी झाली. नाहीतर पन्नास वॅटच्या पॅनलवर कुणाचंही घर उजळलं नसतं.

चालत्या घरात बॅटरी ठेवायची कल्पना तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे, फक्त लक्ष दिलं नाही. शिशाची बॅटरी १८५९मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लान्तेनं केली. आपल्या जुन्या रेल्वेच्या डब्याखाली हीच बॅटरी असायची. डब्याच्या आसाला पट्टा, पट्ट्यानं फिरणारा डायनॅमो, त्यानं चार्ज होणारी बॅटरी. प्रत्येक डबा आपली वीज आपण करायचा. नांदेडवरून जाणारी मनमाड-काचीगुडा मीटरगेज गाडी क्रॉसिंगसाठी तासभर थांबली की दिवे हळूहळू पिवळे व्हायचे, पंखे पाय ओढत फिरायचे, आणि गाडी हलली की डब्यात जीव यायचा. माझ्या आजीला वाटायचं, गाडी दमली. शास्त्राच्या दृष्टीनं आजी फारशी चुकत नव्हती.

मग आली ट्रॅक्टरची बॅटरी. १९८७-८८मध्ये दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. तेव्हा मी अहमदपूरकडच्या एका खेड्यात शिकवत होतो. गावात खांब होते, वीज मात्र मनाला येईल तेव्हा. गावात एकच बारा व्होल्टवर चालणारा लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. शनिवारी संध्याकाळी ट्रॅक्टर मारुतीच्या पारापाशी आणून लावायचे, रविवारी बॅटरीला दोन चिमटे, वायर टीव्हीला, आणि समोर सगळं गाव. हार घातलेला टीव्ही पुष्कळांनी पाहिला असेल. आमच्या गावात बॅटरीलाही कुंकू लागायचं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नव्हता तो पंचवीस किलोची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून तालुक्याला चार्जिंगला टाकून यायचा. त्या दुकानात कायम ॲसिडचा आंबूस वास. बरेच गडी पँटला पडलेली भोकं मिरवत हिंडायचे.

(मराठवाड्यात टॉर्चला 'बॅटरी'च म्हणतात, तेव्हा घोटाळा नको. पुढच्या परिच्छेदातल्या बॅटऱ्या म्हणजे टॉर्च.)

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. दगडमातीच्या माळवदाखाली माणसं होती आणि हातातल्या बॅटऱ्यांचे सेल संपत होते, एवढंच. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. पण ती वसेपर्यंत, पिढ्यानपिढ्या वाड्यात राहिलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये आणि ताडपत्रीखाली कंदील घेऊन राहिली. घर गेलं, घराबरोबर मीटर गेला. ज्यांना जन्मात पाल माहीत नव्हतं त्यांना ते तेव्हा कळलं.

मीटरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मीटरला पत्ता लागतो. आपल्या देशानं विजेचा हिशोब आधी गावांनी केला, मग घरांनी. १९९७पर्यंत गावाच्या शिवारात कुठंही, कशासाठीही वीज वापरली जात असली की ते गाव 'विद्युतीकरण झालेलं'. २००४पासून निदान दहा टक्के घरांत वीज हवी असा नियम झाला. २८ एप्रिल २०१८ला मणिपूरमधलं लायसांग जोडलं गेलं आणि शेवटच्या गावापर्यंत वीज पोचल्याचं जाहीर झालं. त्याआधी २०१७मध्ये सौभाग्य योजना आली, ती घराघरासाठी. ही सगळी मोठी कामं आहेत, यात शंका नाही. पण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जे घरच वाहून नेतात, त्यांच्या मुक्कामाचा हिशोब कुठल्या रकान्यात? गावाकडच्या त्यांच्या घराला मीटर असतो, कुलूपही असतं, आणि ते स्वतः दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतात.

लोडशेडिंगच्या वर्षांबद्दल पटकन सांगून पुढे जातो, कारण ते सगळ्यांच्याच अंगावरून गेलंय. २००५मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि त्याच सुमाराला खेड्यांत बारा-बारा तास अंधार. लातुरात तेव्हा बाहेरगावची पोरं शिकायला खोल्या करून राहायची (आजही राहतात). घरमालक पाटी लावायचे, 'इन्व्हर्टरची सोय आहे'. दीडशे ॲम्पिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी, वजन पंचावन्न-साठ किलो. दोन माणसांनी जिन्यावरून चढवायची आणि दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाजायचं. मध्यमवर्गाला साठवलेल्या विजेची सवय लागली ती तेव्हा.

हे सगळं एकीकडे चालू असताना दूरच्या प्रयोगशाळांत जे घडत होतं, त्याचा आमच्याशी काही संबंध येईल असं कुणाला वाटलं नसतं. १९५४मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबनं सिलिकॉनचा सौर घट दाखवला. पडलेल्या उन्हातला सहा टक्के भाग वीज व्हायचा. महाग इतका की चार वर्षांनी तो गेला थेट उपग्रहावर. खांब नसलेली सगळ्यात लांबची जागा तीच ना! १९७०च्या दशकाच्या मध्यात एका वॅटला आजच्या हिशोबानं शंभर डॉलरच्या आसपास पडायचे, आता पाव डॉलरही पडत नाही. लिथियमचं तसंच. १९९१मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी विकायला काढली ती कॅमेऱ्यासाठी. पण गाडीत, पलंगाखाली ठेवावी इतकी शांत स्वभावाची बॅटरी आली ती लोह-फॉस्फेटची. १९९७मध्ये टेक्सासच्या विद्यापीठातून तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावं आहेत: अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ. पहिली दोन आपल्याकडची. गुडइनफना २०१९मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी नोबेल मिळालं. पाढींचं नाव मी वर्गात मुद्दाम सांगायचो. मागच्या बाकावरून एकदा आवाज आला, "सर, त्यांच्या घरी लोडशेडिंग होतं का?"

आता आमच्या घरातली गोष्ट. दाजींनी, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांनी, सत्तावीस वर्षं आषाढी वारी केली. मग त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला आणि रात्री नाकाला लावायचं सीपॅप यंत्र आलं. यंत्राला वीज लागते, आणि दिंडीचा मुक्काम कधी शाळेच्या ओट्यावर, कधी उघड्या माळावर. दोन वर्षं वारी बंद. तिसऱ्या वर्षी दाजी म्हणाले, "आता काय, टीव्हीवरच माउली." ताईनं मला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "तू शिकवायचास ना रे हे सगळं?"

दिंडीबरोबर सामानाचा एक टेम्पो असतो. ताडपत्री, भांडी, किराणा, वळकट्या. दिंडीप्रमुखांना विचारलं, ते हो म्हणाले. मग मी आणि ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी, असे दोघांनी चार रविवारांत ते काम केलं. गणित आधी कागदावर. हवा दमट करणारं भांडं बंद ठेवलं तर यंत्र रात्रभरात तीनशे वॅट-तासांच्या आत भागवतं (डॉक्टरांना विचारूनच बंद ठेवलं). शंभर ॲम्पिअर-तासाची, १२.८ व्होल्टची लोह-फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. वजन बारा किलो! ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निम्मं, आणि शिशाच्या बॅटरीसारखी अर्ध्यावर थांबायची गरज नाही, ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येते. म्हणजे तीन रात्री, ऊन अजिबात नसलं तरी.

ऊन नसणं हाच खरा प्रश्न. पुस्तकातले हिशोब मराठवाड्यात पाच-साडेपाच तास भर उन्हाचे धरतात. पण वारी असते आषाढात, म्हणजे आभाळ भरलेलं. मी दीड-दोन तासच धरले. दोनशे वॅटची दोन पॅनल, म्हणजे वाईट दिवशीही सहाशे वॅट-तास. पुरून उरतं. आणखी एक, जे माझ्या मुलांना कायम उलटं वाटायचं: पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला ०.३-०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात लातूरच्या पत्र्यावर पॅनल पासष्ट अंशांपर्यंत तापतं, तेव्हा तेरा-चौदा टक्के असेच जातात. म्हणून पॅनल आणि टप यांच्यामध्ये चार बोटं जागा सोडली, हवा खेळायला.

दोन्ही पॅनल एकामागे एक न जोडता शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल जोडली, कारण रस्त्याकडेच्या झाडाची सावली एकावर पडली तर दुसरं काम करत राहावं. तारेच्या जाडीवर दुकानदाराशी वाद झाला. तो म्हणे अडीच स्क्वेअर एमएम भरपूर होते. बारा व्होल्टला नाही होत. वीस ॲम्पिअर पाच मीटर न्यायचे तर जाऊन-येऊन दहा मीटर तार, त्यात १.४ व्होल्ट वाटेतच संपतात. दहा स्क्वेअर एमएमची घेतली, तिथं साडेतीन दशांश व्होल्टवर भागतं. बॅटरीच्या प्लसपासून वितभर अंतरात फ्यूज. हे काटकसर करायचं ठिकाण नव्हे. इंजिनच्या डायनॅमोवरून थेट जोड दिली नाही, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घातला. नाहीतर लिथियम भुकेल्या पाहुण्यासारखी ओढत बसते आणि डायनॅमो जळतो.

भांडण झालं ते मोबाईलवरून. टेम्पोवर पॅनल आहे म्हटल्यावर पहिल्याच मुक्कामाला साठ मोबाईल आले. वारकऱ्याला नाही कसं म्हणायचं? पण दाजींची रात्रही महत्त्वाची. लोह-फॉस्फेटची आणखी एक गंमत अशी की व्होल्टेजवरून ती किती भरली आहे हे कळतच नाही. ऐंशी टक्क्यांना आणि तीस टक्क्यांना आकडा जवळजवळ तोच. म्हणून गेली-आली वीज मोजणारं शंट मीटर आधीच बसवलं होतं, त्याला रिले जोडला. पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की मोबाईलची लाइन आपोआप बंद, दाजींची चालू. पोरानं डब्यावर खडूनं लिहिलं, 'बंद पडल्यास माउलींची इच्छा'. दुपारच्या विसाव्याला दुसरं भांडण. माणसांना सावली हवी, टेम्पोला ऊन. ड्रायव्हर सवयीनं वडाखाली गाडी लावायचा आणि दाजी स्वतः जाऊन ती उन्हात काढायला लावायचे. पंढरपूरला पोचेपर्यंत एकही रात्र यंत्र बंद पडलं नाही. ताईनं फोनवर मला काही म्हटलं नाही, नुसतं तिथल्या टाळांचा आवाज ऐकवला.

या खटपटीमुळे रस्त्यानं जाताना माझं लक्ष आता सारखं टपांकडे जातं. मेंढपाळांच्या घोड्यावर बांधलेलं लहान पॅनल, माळेगावच्या यात्रेत पालापुढं उन्हाकडे तोंड करून टेकवलेली निळी पाटी. गेल्या हंगामात औशाच्या पुढे उसाच्या फडाशेजारी एक टोळी उतरली होती. कोप्यांची रांग, टायरगाड्या, आणि एका कोपीच्या डोक्यावर पन्नास वॅटचं पॅनल. थांबलो. बाई भाकरी थापत होती. सांगत होती, मुकादमाकडून उचल घेतानाच पॅनलचे पैसे बाजूला काढले. पहाटे तीनला तोडीला निघायचं तर लेकरं कोपीत एकटी. दिवा लावून अंथरूण झटकायचं, पाचटात साप-विंचू बघायचा, मग लेकरांना झोपवायचं. बॅटरी एका जुन्या गाडीची, शिशाची, पोत्यात गुंडाळलेली. दर मुक्कामाला तीच आधी उतरते, म्हणाली, भांडी मागून.

मला राहवलं नाही. मी दाजींच्या बॅटरीचं सगळं सांगितलं. वजन कमी, पाणी घालायला नको, दोन-तीन हजार वेळा भरता येते, किंमत मात्र जवळपास दुप्पट. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं,

"काका, खराब झाल्यावर मोडीत किती येतात?"

काही येत नाहीत, म्हणालो. शिसं किलोवर विकलं जातं, लोह-फॉस्फेटला भंगारवाला विचारत नाही.

"मग आमची जडच बरी," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.